शीण कशाचा

दुपारी बसल्या बसल्या मी म्हणाले, "शीण आलाय गं."

आमची सून बंगालची, अजून मराठी शिकतेय. तिने लगेच फोनला अर्थ विचारला. त्याने सांगितलं, 'श्रमजन्य ग्लानी.' तिने 'आणखी सोपं' दाबलं. मग आलं, 'खूप काम केल्यावर दमणे.'

शिकणाऱ्याला झेपेल तेवढंच सांगायचं, यात त्याची काही चूक नाही. पण शब्द असा पायरी पायरीने खाली उतरताना काहीतरी वरच ठेवून येतो.

ती गोंधळली. "पण आई, आज तुम्ही काहीच काम केलं नाही."

"नाही केलं."

तिने फोन पालथा ठेवला. "मग शीण कशाचा?"

घरात बाकी सगळ्यांना या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. म्हणून तर आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं.