कोऱ्या मजकुराचं मानपत्र

सन्मानाने माणूस मोठा होतो, असं प्रत्येक सत्कारात सांगतात. सांगणाऱ्याच्या खांद्यावर बहुधा शाल असते. काल पुतणीने पाठवलेली फाइल माझ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर चौकट एका पानावर आणि मजकूर दुसऱ्यावर. मला बाबांचं मानपत्र आठवलं.

बाबांची कापड मिल बंद पडली तेव्हा त्यांना साधा निरोपही मिळाला नाही. म्हणून त्यांच्या खात्यातल्या लोकांनी परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, सत्कार ठरवला. त्यांनी सांगितलेला मजकूर मी तुकोगंजच्या ऑफिसात टाइप केला आणि फ्लॉपी छपाईच्या दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "भिया, तुमचं सॉफ्टवेअर अलग, आमचं अलग. बॉर्डर इथेच राहिली, मॅटर पुढच्या पानावर गेलं."

पुन्हा छापायला वेळ नव्हता, सभेला लोक येऊन बसले होते. फ्रेम एकाच पानाची होती. तिच्यात फुलांची चौकट, बाबांचं नाव आणि खाली कोरा कागद. मजकूर सभेत वाचायचा ठरला.

फ्रेमला ताज्या वॉर्निशचा वास येत होता. बाबा कोऱ्या जागेवरून बोट फिरवत होते, कापडातला दोष शोधावा तसं. "वाचतील ना रे?" त्यांनी हळूच विचारलं. तेव्हा मला ती उगाच घाई वाटली. आता वाटतं, आपल्या कामाबद्दल चांगलं बोललेलं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

प्रमुख पाहुणे नव्या आर्थिक धोरणावर बोलले. भाषण लांबलं, चहा थंड होऊ लागला आणि वाचन वगळलं गेलं.

घरी मी म्हटलं, "बाबा, मी वाचून दाखवू?"

"राहू दे. ते चारचौघांत वाचायचं असतं."

फ्रेम भिंतीवर लागली. तिच्या काचेत समोरची ट्यूबलाइट स्वच्छ दिसायची.