दुपारचा डाव

खडकात कोरलेल्या खळग्यांच्या दोन ओळी, त्यांत लालभडक गुंजा, आणि प्रत्येक गुंजेचा तो काळा डोळा... चैत्रातली दुपार म्हटली की मला अजून हेच दिसते. भोवती कुड्याच्या फुलांचा मंद वास, मडक्यातल्या आंबिलीचा आंबूस गारवा, आणि पानही हलू नये अशी रानाची शांतता. कुणीतरी श्वास रोखून आपल्या खेळीची वाट पाहत आहे, असे वाटे.

नंदिगड्ड्याच्या रानात, आमच्या भातशेताच्या कडेला तो खडक होता. सूर्य डोक्यावर येऊन माणसाची सावली पायाखाली गेली, की औत सोडायचे, कुऱ्हाड खाली ठेवायची आणि सावली पुन्हा बाहेर पडेपर्यंत खेळायचे, अशी आमच्याकडची रीत. एका खळग्यातल्या गुंजा उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकीत जायचे, एवढाच खेळ. अलीकडची ओळ आमची. रानाकडची ओळ राखणदाराची, म्हणजे रान सांभाळणाऱ्या देवाची. त्याच्या वतीने माझी विधवा आत्या खेळे. तिला मी आत्ती म्हणे. डाव मात्र संपवायचा नाही, उरलेला त्याच्यासाठी तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी गुंजा हललेल्या असत... माकडे असतील, खारी असतील, असे शहाणी माणसे म्हणतील. म्हणोत बापडी!

या खेळात बाबांसारखा लबाड कुणी नव्हता. एखादी गुंज हळूच कनवटीला लावायचे आणि पकडले गेले की साळसूदपणे आईकडे बोट दाखवायचे. आई हसून हसून बेजार होई. पण ती तापाने गेली आणि बाबांनी खेळ सोडला. पहाटेपासून शेत, नाहीतर जंगलखात्याची सागतोड. दुपारीसुद्धा त्यांची कुऱ्हाड थांबेना. दोन घाव, जरासा विसावा, मग तिसरा — तो त्यांचा ठेका मला झोपेतही ओळखू येई. घरी आले तरी ते माझ्याकडे पाहत नसत. मला भाकरी मिळत होती, बाप मिळत नव्हता.

"खेळून प्वाट भरतंय व्हय, अक्का?" ते आत्तीवर डाफरत.

"प्वाट न्हाई भरत, तम्मा," ती धाकट्या भावाला म्हणे. "पर जो इसावा घेत न्हाई, त्येचा घाव रान शिकतंय. मग मानूस नुसता घरात, आन् जीव तिकडं."

त्या दुपारी आत्ती आणि मी डाव मांडून बसलो होतो. रानातून बाबांचे घाव ऐकू येत होते. दोन... आणि तिसरा. इतक्यात शेताच्या बांधावरून पाणी प्यायला कुणी आले, म्हणून मी वर पाहिले. बाबाच होते. कुऱ्हाड त्यांच्या खांद्यावर होती.

आणि रानात घाव चालूच होते.

आत्तीच्या हातातल्या गुंजा तशाच राहिल्या. बाबांनी मान वळवली, बराच वेळ कान दिला. घामाने निथळणारा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"अक्का... ह्यो माझा घाव हाय."

"व्हय. बस खाली. कुऱ्हाड ठेव."

मला रडू फुटले. रानातले ते जे कोण होते, ते बाबांना कायमचे नेणार आणि माझ्या वाट्याला असाच गप्प, थंड माणूस उरणार, एवढेच मला कळत होते. मी त्यांचे धोतर घट्ट धरले. बाबा माझ्याकडे पाहत राहिले — आई गेल्यापासून पहिल्यांदाच — आणि मांडी घालून माझ्याशेजारी बसले. एक गुंज खळग्यात पडली, दुसरी पडली. घाव मंदावले... लांब गेले... थांबले. सावली पायांतून बाहेर आली तेव्हा माझ्या लक्षात आले, आमच्या ओळीत एक गुंज कमी होती. बाबांचे बोट आत्तीकडे होते.

मी इतकी हसले की मला ठसका लागला. बाबांच्या डोळ्यांत पाणी होते.

त्यानंतर दुपारी त्यांची कुऱ्हाड कधी वाजली नाही. कामे काही अडली नाहीत. भात पिकले, माझे लग्न झाले, मी खानापूरकडे नांदायला आले. आत्ती गेली. बाबाही पिकल्या पानासारखे गेले.

मागल्या चैत्रात मी तिथे एकटीच गेले. शेतावर रान चढले आहे. खळग्यांतला पाचोळा काढून मी दोन्ही ओळींत गुंजा भरल्या, आणि आतून आवाज आला. दोन घाव, जरासा विसावा, मग तिसरा.

भीती वाटली, खोटे कशाला सांगू? पण त्याहून जास्त माया दाटून आली.

"बाबा, सावली पायाखाली आली," मी म्हटले. "बसा आता."

घाव थांबले. मी माझी खेळी खेळले, पदराने तोंड पुसले आणि समोर पाहिले.

रानाकडच्या ओळीत एक गुंज कमी होती.