डावा पाय

दुरुस्त झालेली नव्या धाटणीची मोटारसायकल सेतुरावमामा कधी सरळ गिऱ्हाइकाच्या हवाली करत नसत. गाडी स्टँडवर उभी करायची, गिऱ्हाइकाला वर बसवायचं आणि मुलाबाळांच्या गप्पा काढायच्या. माणूस बोलण्यात रमला की मामा एकदम त्याच्या कानाशी ओरडत, "माडु!" म्हणजे तमिळमध्ये गाय, गाय आडवी आली! माणूस दचके. मामांची नजर त्याच्या पायांवर असे. उजवा पाय दाबला गेला, तर "सेरी, ठीक अहे, घेऊन जावा." डावा दाबला गेला, तर किल्ली मामांच्या खिशात. मग तो कितीही भांडो. पोरगी गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं तंजावुरात लोक म्हणत. मी म्हणत नसे, कारण मला खरं काय ते ठाऊक होतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. इथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला आलो तेव्हा वडिलांची जुनी मोटारसायकल रेल्वेनं सोबत आणली होती. महिन्याभरात तिनं राजवाड्याजवळच मान टाकली. ढकलत ढकलत मागच्या गल्लीतल्या एका गॅरेजपाशी पोचलो आणि वैतागून मराठीत एक शिवी हासडली. गाडीखालून आवाज आला, "सार्, शिवी मरेठी अहे, पण पुस्तकांतली वाटते." खालून निघाले ते सेतुरावमामा. कपाळावर गंध, हात कोपरापर्यंत काळे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेलं मराठी, सगळं सरकारी नोकरीतलं. यांनी मात्र पाना हातात घेतला म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, आणि गाड्या बिघडल्या की तेच नातेवाईक यांच्याकडे येत.

जुनं इंजिन चांगलं की नवं, हा मामांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांची स्वतःची गाडी माझ्या वडिलांच्या गाडीच्याच वयाची, लोखंडी सिलिंडरची. "जुन्यांत इंजिन वेगळं, गियरपेटी वेगळी. दोन भाऊ, दोन चुली. एक आजारी पडला तरी दुसऱ्याला हात लावाला नक्को. नव्यांत अस्के सगळं एका भांड्यांत." नव्या ॲल्युमिनियमच्या इंजिनाला ते 'शहाणं' म्हणत, आणि ती स्तुती नव्हती. "जुनं दुखलं तर ओरडते. शहाणं गप्प बसते, आणि एक दिवस मरते." मी चिडवायचो, "मामा, पण ते किक न मारता सुरू होतं." त्यावर ते म्हणत, "तुमचे पाय मोडलेत काय?"

जया ही त्यांची एकुलती एक मुलगी. चौदाव्या वर्षी तिला त्यांनी त्या लोखंडी गाडीवर बसवलं. त्या गाडीचा गियर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. पुढचा हातब्रेक नावालाच, म्हणून तो धरायचाच नाही अशी सक्त ताकीद. गल्लीतली कितीतरी माणसं मामांकडे तशीच शिकली. पण जयासारखी गाडी कोणी चालवली नाही. परकर आणि वर अर्ध्या साडीसारखी दावणी नेसून ती पोरगी धडधडत राजवाड्याला फेरी मारायची आणि मामा दारात उभे राहून नुसता आवाज ऐकायचे.

पुढे तिला पापनाशमला बँकेत नोकरी लागली. रोजचं जाणं-येणं. तेव्हा मामा आयुष्यात पहिल्यांदा हरले. "वाटेंत बंद पडली तर पोरगी एकटी उभी राहील," म्हणाले, आणि स्वतः जाऊन तिच्यासाठी नवी गाडी आणली. शहाण्या इंजिनाची. बटण दाबलं की सुरू. हिच्यात गियर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी. जयानं दोन दिवसांत ते आत्मसात केलं, एकदाही चुकली नाही. मामा अभिमानानं मला म्हणाले, "पाहिलं? डोकं अहे तिला."

चार महिन्यांनी, कापणीच्या दिवसांत, पापनाशमच्या रस्त्यावर लोकांनी भाताचा पेंढा वाळत घातला होता. भर सकाळी एक गाय आडवी आली. जयाची गाडी घसरून समोरून येणाऱ्या बसखाली गेली. पेंढ्यानं जीव घेतला, असंच सगळे म्हणाले.

पोलिसांनी गाडी सोडली त्या दिवशी मी मामांबरोबर होतो. ते गाडीपाशी उकिडवे बसले आणि तिच्या दोन्ही बाजू बोटांनी चाचपू लागले. मग त्यांनी मला हाक मारली. "सार्, हें बघा. गाडी उजव्या अंगावर पडली. मग डावीकडचा गियरचा दांडा खालीं कसा वाकला?" त्यांनी हातानं मागचं चाक फिरवून पाहिलं. "पहिल्या गियरांत अहे. सरळ रस्त्यावर पोरगी वरच्या गियरांत असणार. म्हणजे तिनं डावा पाय मारला, गियर एक खालीं आला. थांबली नाही म्हणून पुन्हा मारला. पुन्हा. ब्रेक समजून." हे ते एखाद्या गिऱ्हाइकाला दोष समजावून सांगावा तसं सांगत होते. मग म्हणाले, "नवं शिकते तें डोकं, सार्. भीती जुन्याच पायानं धांवते. तो पाय मी दिला तिला." मामांनी तो दांडा पुसला आणि सुटा असता तर खिशात घातला असता, अशा हातानं धरून बसले.

कमलामामींना त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. मामी रोज पेंढा घालणाऱ्यांना शिव्याशाप देत. "देऊ दे," मामा म्हणत. "तिला कोणावर तरी रागवाला पाहिजे. मला कळलं तें मलाच असू दे. तुम्ही बोलूं नक्को." मी शब्द दिला.

त्यानंतर आपल्या हाताखाली शिकलेल्या एकेकाला ते शोधून काढू लागले. तिरुवैयारुपर्यंत जाऊन आले. नवी गाडी कोणी घेतली असेल तर त्याला बसवायचं, बोलण्यात गुंतवायचं आणि ओरडायचं. ज्याचा डावा पाय दाबला जाई, त्याला रोज सकाळी मोकळ्या मैदानात नेऊन, पाय विसरेपर्यंत घासून घ्यायचे. मीही नवी गाडी घ्यायचं काढलं तेव्हा माझीही परीक्षा झाली. माझा डावा पाय इतक्या जोरात गेला की मलाच लाज वाटली. आठ आठवडे त्यांनी मला सोडलं नाही. त्यांची लोखंडी गाडी मागायला चेन्नईहून एक हौशी गृहस्थ आले, तर मामा म्हणाले, "तिच्यावर आतां कोणी शिकाला नक्को." ती कोपऱ्यात तशीच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात मामांना झटका आला. उजवं अंग पूर्ण गेलं, वाचाही गेली. दुपारी भेटायला गेलो तेव्हा डोळे मिटलेले होते. मामी पायथ्याशी बसल्या होत्या. चादरीखाली मामांचा डावा पाय हलत होता. दाबायचा, थांबायचा. पुन्हा दाबायचा.

"सार्, पाहा की," मामी म्हणाल्या. "सकाळपासून असंच चाललं अहे. हे पायानं काय करतांत?"

मी म्हटलं, "काही नाही मामी. नस उडते आहे." आणि तो पाय दोन्ही हातांनी धरून बसलो.