मितानाचं नाव

बोदलकसा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अर्धं अंतर चालून झालं तेव्हा उर्वशीने चपला हातात घेतल्या. ते पाहून दुधराम पटले थांबले. त्यांच्या हातात सायकल होती. सायकलच्या कॅरिअरवर नव्या तांदळाची थैली बांधलेली होती. दुधरामकाकांची सायकल गोरेगावात सगळ्यांना ठाऊक होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. सामान सायकलवर आणि स्वतः पायी, अशी त्यांची पद्धत.

"बस समोरच्या दांडीवर," ते म्हणाले.

"तुम्ही चालवाल?"

"नाई. ढकलीन."

उर्वशी बसली नाही. ती म्हणाली, "काकाजी, तुम्ही मितानांचं नाव गोरेगावातच सांगितलं असतं, तर एवढं चालावं लागलं नसतं."

"थे कसं सांगू?" दुधरामकाका म्हणाले आणि चालू लागले.

यात त्यांचा हट्ट नव्हता. त्यांच्या लहानपणी गावात भागवत बसलं होतं. समाप्तीच्या दिवशी देवासमोर त्यांनी आणि तलावापलीकडच्या एका पोराने नारळ बदलले आणि ते एकमेकांचे मितान झाले. छत्तीसगडाकडून आलेली ही रीत. मितान झाला की त्याची आई ती आपली आई, त्याच्या घरचं सुतक ते आपलं सुतक. आणि त्याचं नाव जन्मभर तोंडाने घ्यायचं नाही. दुधरामकाका धान पिकवत, मितान तलावापलीकडे मासे धरत असे. दरवर्षी नवा तांदूळ इकडून तिकडे जाई, सुकी मासोळी तिकडून इकडे येई. नाव कोणी घेत नसे आणि त्यावाचून काही अडतही नसे.

अडलं ते वेबसाइटमुळे.

नागझिरा अभयारण्यात येणारे पाहुणे तलावावरही यावेत, म्हणून दोन हजार बाराच्या सुमारास तिथल्या एका मंडळाने वेबसाइट काढायचं ठरवलं. काम उर्वशीच्या कॉम्प्युटर सेंटरला मिळालं. ती रोज सकाळी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून, हात जोडून मगच बटण दाबायची. माहिती गोळा करायचं काम दुधरामकाकांनी अंगावर घेतलं. ते चालत मितानाकडे गेले. कोणत्या महिन्यात कोणते पक्षी येतात, कुठे बसतात, कोणत्या बाजूने गेलं तर उडत नाहीत, हे सगळं ऐकून आले आणि जसंच्या तसं उर्वशीला सांगितलं. तिने टाइप केलं.

"खाली कोणाचं नाव घालू? सांगितलं कोणी?"

"मितानानं."

"नाव?"

काका पंख्याकडे पाहू लागले. उर्वशीने टाइप केलं, 'माहिती : दुधराम पटले'. काकांना वाटलं, सामान आणून देणाऱ्याची सही घेतात तसं असेल. त्यांनी मान डोलावली.

मग उर्वशीने त्यांना वेबसाइटची गंमत सांगितली. मजकूर एकाच जागी लिहून ठेवायचा आणि हव्या त्या पानाला जोडायचा. पुन्हा पुन्हा लिहायचा नाही. एका जागी दुरुस्त केला की सगळीकडे दुरुस्त.

"नळयोजनेसारखं," काका म्हणाले. "टाकी एक, नळ घरोघरी."

पक्ष्यांचा मजकूर चांगला होता. उर्वशीने तो तलावाच्या पानाला जोडला, नागझिऱ्याच्या पानाला जोडला, मासेमारीच्या, मुक्कामाच्या, सहलीच्या पानाला जोडला. ज्या पानावर जावं तिथे खाली दुधराम पटले होतेच.

धान कापणीच्या दिवसांत नागपूरहून दोघे जण मोठाले कॅमेरे घेऊन आले आणि बाजारात वेबसाइटवर पक्ष्यांची माहिती देणारे दुधराम पटले कोण म्हणून विचारू लागले. काका पुढे झाले. एकाने कॅमेऱ्यात टिपलेलं बदक दाखवलं आणि हे कोणतं, असं विचारलं.

"बदक," काका म्हणाले.

"हो, पण कोणतं?"

"पान्यातलं."

पाहुणे परत गेले. शेजारीच मितानाची बायको मंदाबाई मासोळी विकत बसली होती. तिने घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या वर्षी काकांनी पाठवलेला तांदूळ थैलीची गाठही न सोडता परत आला.

काका सेंटरमध्ये आले. "बाई, मायं नाव काढ. मितानाचं घाल."

"मी बाजारात कोणालाही नाव विचारते की."

"नोको. एकडाव न विचारता केलं, तेवढं बस झालं. त्यानं सोता देल्लं पाह्यजे."

म्हणून ही वाट. पाळ संपते तिथल्या मारुतीला उर्वशीने हात जोडले आणि दोघं मितानाच्या अंगणाशी पोहोचले.

मितान पाठमोरा बसून जाळं विणत होता. वळला नाही. मंदाबाईने पाणी दिलं, फक्त उर्वशीला. काका सायकल धरून अंगणाबाहेरच उभे राहिले.

"काकाजी, तुमचं नाव पाहिजे होतं. माहितीखाली घालायला," उर्वशी म्हणाली.

"हाये नं एक नाव तिथं," तो जाळ्याला म्हणाला. "पटलेचं. मोठं नाव हाये."

उर्वशीने मंदाबाईकडे पाहिलं.

"मायाकडं कायले पाह्यतं? मी नवऱ्याचं नाव घीन काय?"

एवढ्या माणसांत नाव सांगायला कोणी नव्हतं. उर्वशीने मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं. तेवढंच हाताशी होतं.

"मितान," काका बाहेरूनच म्हणाले, "टाकीतच चुकलं. म्हनून घरोघरी गेलं."

जाळ्यावरचा हात थांबला. "त्या फोटोवाल्याले काय सांगतलं तू?"

"बदक."

"कोनतं?"

"पान्यातलं."

पाठ हलली. आधी थोडी, मग चांगलीच. "चाळीस वर्सं या तलावावर येऊन राहिला," तो मंदाबाईला म्हणाला, "अन थे म्हणते पान्यातलं! झाडावरचं अस्ते काय वं?" मग तो वळला, मांडी नीट घातली आणि मतदान केंद्रावर सांगावं तसं उर्वशीला सांगितलं, "बकाराम सोमा वलथरे. लिव."

दुधरामकाकांनी झटकन दोन्ही हात कानांवर ठेवले. त्यामुळे सायकल पडली. थैली फुटली आणि तांदूळ अंगणभर झाला.

मंदाबाई सूप घेऊन आली. "आता सांडलाच तं भरा लागन," ती म्हणाली आणि तांदूळ घरात नेला.

परतताना कॅरिअरवर सुकी मासोळी होती. मारुती मागे पडल्यावर काका म्हणाले, "बाई, सगळ्या पानांवर एकदमच बदलन का?"

"एका ठिकाणी बदललं की सगळीकडे."

"बराबर हाये. सगळ्या दुनियेनं वाचलं पाह्यजे." ते सायकल ढकलत राहिले. "पन मी रोज येतो तुयाकडं, थे तलावाचं पान पाह्यतो. वाचलं की नाव मनात येते. मनातबी घ्याचं नसते. तं तेवढं एक पान टाकीपासून तोडून दे. तिथं नुसतं मितान लिव."