रिलिव्हर आल्याशिवाय

हिंदुराव आयुष्यात पहिल्यांदा मनाच्या डॉक्टरकडे गेले, ते उपाशीपोटी. पुण्याहून मुलीनं, शलाकानं, फोनवर एवढंच सांगितलं होतं, “बाबा, अपॉइंटमेंट घेतलीय, सकाळी दहाची.” आता सकाळी दहाची म्हणजे रक्त काढणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून रात्रीपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. पिशवीत गेल्या दहा वर्षांचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे, आणि न जाणो लागला तर म्हणून चष्म्याचा नंबर.

राहायला अंबरनाथ पश्चिमेला, पण दवाखाना शलाकाला सांगून मुद्दाम उल्हासनगरात, कॅम्प दोनमध्ये निवडलेला. ओळखीचं कोणी दिसायला नको. खाली कापडाचं दुकान, वर मॅडम. हिंदुराव पँट बघायचं नाटक करत पाच मिनिटं दुकानापुढे उभे राहिले. शेवटी गल्ल्यावरच्या सिंधी शेठनं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “अंकल, पँट मंगता है या टेंशनवाली मॅडम? मॅडम पहला माला. चप्पल बाहर.”

गुपित तिथेच संपलं.

मॅडमचं नाव श्रद्धा. शलाकाच्याच वयाची. तिनं पिशवी पाहिली, उतरलेला चेहरा पाहिला आणि विचारलं, “काका, काही खाल्लंत का?”

“नाही, चौदा तास झाले. घ्या रक्त.”

तिनं हसू गिळलं आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. मग समजावून सांगितलं. इथे सुई नाही, गोळ्याही नाहीत. तशी गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव देईन. पन्नास मिनिटं बोलायचं. इथलं बोलणं इथेच राहील, शलाकाकडेसुद्धा जाणार नाही. कुणाच्या जिवावर बेतत असेल तरच मला बोलावं लागेल. पहिल्याच दिवशी सगळं सांगायला हवं असं नाही. आणि तीन-चार भेटींत माझ्याशी जमत नाहीये असं वाटलं, तर बिनधास्त सांगा, मला राग येणार नाही.

“झोप कशी आहे, काका?”

“नॉर्मल.”

“जेवण?”

“नॉर्मल.”

“काकू गेल्या, त्याला दीड वर्ष झालं ना? कसं वाटतं?”

“नॉर्मल.”

यात लबाडी नव्हती. हिंदुराव एकतीस वर्षं एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलर सांभाळत होते. दर तासाला काटे बघायचे, पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायचं : नॉर्मल. माणूस दिवसाला आठ वेळा एकच शब्द लिहीत राहिला, की तो शब्द मग त्याच्या तोंडातही मुक्काम ठोकतो.

पन्नास मिनिटं झाली. “आज इथे थांबू या,” मॅडम म्हणाल्या. हिंदुराव जागचे हलले नाहीत. काही सांगायचं राहिलं असेल, म्हणून त्या थांबल्या. तेवढ्यात दार उघडून पुढची पेशंट आली, कॉलेजातली मुलगी. हिंदुराव ताडकन उठले आणि तिला म्हणाले, “खुर्चीचा मागचा पाय हलतो, पंखा तीनवर आहे. बाकी सगळं नॉर्मल.” आणि गेले.

मुलगी बघतच राहिली. तिला काय माहीत, की तिनं नुकताच चार्ज घेतला होता!

बॉयलरचा नियमच तसा. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही. मग घर पेटो. हिंदुरावांचा रिलिव्हर नितीन. अठरा वर्षं रोज दुपारी तीन वाजता दोघांची दहा मिनिटं भेट. चार मिनिटं काट्यांची, सहा मिनिटं घरची. शलाकाचं लग्न, नितीनचं पोटाचं ऑपरेशन, सगळं त्या सहा मिनिटांत. हिंदुरावांना दोस्त म्हणावा असा तेवढाच एक. निवृत्तीला आता सहा महिने झाले. दर रविवारी नितीनचा फोन येतो. हिंदुराव वाजू देतात.

पुढच्या भेटीआधी मॅडमनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. हिंदुरावांनी पट्टीनं रकाने पाडून आठवड्याचं लॉगबुकच नेलं. सात वाजता, नॉर्मल. आठ वाजता, नॉर्मल. मॅडम एकेक पान शांतपणे वाचत गेल्या.

“काका, दुपारी तीनचा रकाना रोज कोरा आहे.”

हिंदुराव पंख्याकडे बघत राहिले. खाली शेठ कुणाला तरी ‘फिक्स रेट, साईं’ सांगत होता.

“त्या दिवशी अडीच वाजता फोन आला होता,” ते म्हणाले. “हॉस्पिटलातून. बायको, बनू, तिथे ॲडमिट होती. लगेच या म्हणाले. परवानावाला मी एकटाच. म्हटलं, अर्ध्या तासात नितीन येईल. साहेबांना सांगितलंच नाही. तीन वाजता वहीत नॉर्मल लिहिलं. नितीन आला तीन-चाळीसला. कुणाची तरी हळद होती म्हणून केस कापून घेत बसलेला, मानेवर पावडर तशीच. मी प्रेशर सांगितलं, पाणी सांगितलं, सगळं नॉर्मल म्हटलं आणि निघालो. बनू तीन-वीसला गेली होती.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“सगळ्यांना सांगितलं ट्रॅफिक होता. नितीनलाही. त्याच्यावर चिडावं, तर त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही. स्वतःवर चिडावं, तर बॉयलर कोण बघणार होतं? मग चिडायचं कुणावर, मॅडम? म्हणून फोनच उचलत नाही.”

मॅडमनी ‘तुमची चूक नाही’ वगैरे काही म्हटलं नाही. पाण्याचा ग्लास सरकवला. म्हणाल्या, “दीड वर्ष एकट्यानं ड्युटी केलीत.” तेव्हा हिंदुराव रडले. बेताबेतानं, व्हॉल्व्ह हळूहळू सोडावा तसे.

वेळ संपली. हिंदुरावांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि दाराकडे बघत बसून राहिले.

“काका, ती मुलगी आज येणार नाही. तुमच्यानंतर कुणीच नाही.”

“मग?”

“मग काही नाही. उठायचं आणि निघायचं.”

एवढं सोपं काम, पण हिंदुरावांना त्याची सवय नव्हती. त्यांनी खुर्चीचे हात धरले, एकदा दाराकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग उठले. पंखा बंद केला. मॅडम आत बसल्यात हे ध्यानात येऊन परत तीनवर लावला.

जिन्यात त्यांनी खिशातून फोन काढला. रविवारला अजून चार दिवस होते. नितीनचं नाव काढून ते तिथेच पायरीवर उभे राहिले.

“अंकल,” खालून शेठनं हाळी दिली, “आज पँट देखेगा क्या?”

“थांबा हो,” हिंदुराव म्हणाले, “फोन लावतोय.”