गोठ्यातल्या दिव्याभोवतीचे रंग

धाकटीच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कॉलेजात असताना उघड्यावर बसून उजेड रंगवणारे इम्प्रेशनिस्ट चित्रकार अभ्यासाला आले, तेव्हापासून तिचा पाय घरात टिकत नाही. शाळेत चित्रकला शिकवून झाली की बाबांचा जुना शर्ट चढवायचा आणि शेतात घडीचं स्टूल टाकून बसायचं. खुरपणाऱ्या, भारे उचलणाऱ्या बायका काढते. नाकडोळे नसतातच, नुसते रंगाचे फटकारे. तरी कोण दमलंय ते कळतं. हल्ली गावातल्या ज्या मावशींच्या गोठ्यात बसते, त्या कुरकुरतात, इतके दिवस बसवलंस, निदान एक नाक तरी दे.

परवा डबा द्यायला गेले तेव्हा मावशी हसत सांगत होत्या, तुमची लेक काल बुजगावण्याला म्हणाली, काकू, जरा डावीकडे वळा. लेक हसली, मीही हसले. मग नवं चित्र पाहिलं. मावशी धार काढताहेत, वर दिवा, आणि दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी. तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवणाऱ्यांना म्हणे हे अर्धंच असूनही सगळ्यात आवडलंय.

ह्यांनाही दिव्याभोवती असेच रंग दिसायचे. ते नुसत्या डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहिले. काचबिंदू कळेपर्यंत एक डोळा गेला होता. गेलेली नजर परत येत नाही.

"हे रंग तू मनाने घातलेस ना?" मी विचारलं.

"दिसतं तेच काढते, आई."

डोकं दुखतं का विचारलं, तर ब्रश पुसत बसली. आज डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय म्हटल्यावर म्हणाली, चित्र अर्धं आहे, उद्या मावशी बसणार आहेत, प्रदर्शन झालं की जाऊ. मी हट्टाला पेटले तेव्हा हळूच म्हणाली, "आणि औषधाने हे दिसायचंच थांबलं तर?"

बाबांचे हाल तिने पाहिलेत, तरी ही तऱ्हा. ती माझं ऐकणार नाही. पण मावशीच बसल्या नाहीत तर चित्र अडेल.

धारांसाठी त्या पहाटेच उठतात. तेव्हाच फोन करते. काहीतरी निमित्त काढा, असं सांगणार होते. नको. तिच्या आईने मनाई केलीय, असंच सांगा म्हणते. म्हणजे भांडायला ती इथेच येईल, आणि भांडत का होईना, डॉक्टरांकडे नेता येईल.