शहाणी मुलगी

आईचं सगळं मी करायचे. पेज भरवायची, कपडे बदलायचे, गोळ्या द्यायच्या. फक्त तिच्याजवळ नुसतं बसणं व्हायचं नाही. हातातलं काम संपलं की पोटात कळ यायची आणि आईला सांभाळणाऱ्या बाईंवर सोपवून मी डोंबिवलीहून ठाण्याला, माझ्या घरी पळायचे. आई दिवसेंदिवस थकत होती. ती आहे तोवर मला एकदा तरी तिच्याजवळ निवांत बसायचं होतं. तेवढ्यासाठी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी समुपदेशकाकडे गेले.

ती माझ्या मुलीच्या वयाची. तिने विचारलं, "तुमच्यातलं जे कुणी पळून जायला बघतं, ते किती वर्षांचं आहे?"

"बावन्न. माझ्याबरोबरच जन्मलं असणार ना?" माझी जीभ तिखटच. ती हसली. मग मीच म्हणाले, "पाच."

मी पाच वर्षांची असताना आई शिक्षिकेच्या कोर्ससाठी परगावी गेली, मला कल्याणला मावशीकडे ठेवून. निघताना पोर समोर नको, उगाच रडतं, ही आमच्याकडची पद्धत. मावशी मला बिस्किटं आणायला घेऊन गेली. परत आलो तर दाराशी आईच्या चपला नव्हत्या. मी रडले नाही. "किती शहाणी मुलगी!" मावशी चाळभर सांगत सुटली. मग आई परत येईपर्यंत, दोन वर्षं मी शहाणीच राहिले. पुढेही राहिले.

"त्या पाच वर्षांच्या मुलीशी बोला," समुपदेशक म्हणाली.

मी डोळे मिटून सुरू केलं, "अगं, आईचा नाइलाज होता. समजून घे."

तिने मला थांबवलं. "ही तुमच्यातली शहाणी मुलगी बोलतेय. इतकी वर्षं आईची वकिली करून दमली असेल. तिला जरा बाजूला बसू द्या. त्या पाच वर्षांच्या धाकटीची बाजू कोण घेणार?"

मला रागच आला. आईच्या चहाड्या करायला मी थोडीच गेले होते! तरी धाकटीला एवढंच म्हणाले, "तुला न सांगता गेली ना? फार वाईट झालं." आणि हुंदका फुटला.

असे बरेच महिने गेले. मग एका रविवारी दुपारी मी आईच्या पलंगावर बसले. कळ आली. धाकटीला मनात म्हटलं, मी आहे, थांब. आणि आईला विचारलं, "मला मावशीकडे ठेवून गेलीस, तेव्हा तुला काय वाटलं गं?"

आईने कौतुकाने माझा हात थोपटला. "तुझी काळजीच नव्हती बघ. तू कुठे रडणारी होतीस!"

तेव्हा मी रडले. तिच्यासमोर, मोठ्याने, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर. आई घाबरली. हात माझ्या गुडघ्यांवरून, कोपरांवरून फिरवत विचारू लागली, "कुठं लागलं गं? दाखव बघू."

मला दाखवता येईना. ती शोधत राहिली.